घंटेच्या कार्डाचा पहारेकरी

माझा विज्ञानाचा तास कागदावर पस्तीस मिनिटांचा होता आणि प्रत्यक्षात एकतीस मिनिटांचा. हे मी उगीच म्हणत नाही. तीन आठवडे मनगटावरचं घड्याळ पाहून, टेबलाच्या खणातल्या वहीत मांडून मी ते सिद्ध केलं होतं. त्याच वहीत हेही सिद्ध झालं होतं की माझ्या पाठोपाठचा भूगोलाचा तास, जो आमचे मुख्याध्यापक इंद्रभान सर स्वतः घेत, तो एकोणचाळीस मिनिटं चालतो. माझी चार मिनिटं कुठं जात होती हे कळायला विज्ञानाची पदवी लागत नव्हती, तरी ती माझ्याकडे होती.

घंटा देणारा शिपाई म्हणजे जानराव. रिठदचा, उंच, सडपातळ, फार न बोलणारा. माणूस फार बोलत नसला की मला त्याचा संशय येतो, आणि फार बोलत असला तर जास्तच येतो. यात माझा दोष नाही. आमचं घराणं दुकानदारांचं. पोत्यातला माल वरून पाहायचा नाही, तळाशी हात घालून पाहायचा, आणि डब्यावर चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवलेली दिसली की आधी खालची वाचायची, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी शिकवतात. मी दुकान भावावर सोडून मास्तर झालो, पण हात अजून तळाशीच जातो.

तर जानराव माझी चार मिनिटं उचलून इंद्रभान सरांना नेऊन देतो, असं माझं पक्कं मत झालं. कारणही उघड होतं. सात वर्षं तो रोजंदारीवर होता आणि त्याला कायम करायचा प्रस्ताव इंद्रभान सरांच्याच टेबलावर पडून होता. त्याच्या घरात महिन्याचा पगार आणणारा तो पहिलाच माणूस, आणि तो पगारही कधी थांबेल याचा भरवसा नाही. एवढ्यासाठी कोणीही कोणाचीही चार मिनिटं चोरील, असं मी बायकोला म्हणालो. कंचनबाई म्हणाली की तुमच्या तासाला पोरं झोपतात, त्यांचाच त्याच्यात हात असंन. आमच्या घरात माझ्या विषयाला एवढाच मान आहे.

ही गोष्ट एकोणऐंशीच्या आसपासची. वाशीमचा जिल्हा व्हायचा होता, त्यामुळे आमच्या शाळेचे सगळे कागद अकोल्याला जात आणि तिथून सावकाश परत येत. त्या दिवाळीत माझा जुना विद्यार्थी देवमन हैदराबादहून सुटीवर आला. मूळचा जऊळक्याचा, आता तिकडे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या एका कारखान्यात लागलेला. त्याच्याजवळ मी मन मोकळं केलं. तो म्हणाला की सर, घंटेसाठी माणूस पाहिजेच कायले, मी तुमाले एक कार्ड बनवून देतो. कार्ड म्हणजे तळहाताएवढी हिरवी पाटी. तिच्यावर बारीकसारीक पुष्कळ काही बसवलेलं आणि मधोमध एक मोठी काळी चिप, जिच्यात शाळेचं अख्खं वेळापत्रक भरून ठेवता येतं. एकदा भरलं की भरलं. मग घंटा कोणाचं ऐकत नाही आणि कोणाला खूश ठेवत नाही. शेवटचं वाक्य ऐकून मला देवमनला मिठी मारावीशी वाटली होती.

कारखान्यात टाकून दिलेले भाग जोडून तो हे फुकट करणार होता. फुकट म्हटल्याबरोबर इंद्रभान सरांना संशय आला, तो वेगळा. आमचे शेजारी नथमलजी, कापडवाले, यांनी बजावलं की हैदराबादचा माणूस फुकट काही देत नाही, त्या पेटीत नक्की काहीतरी ऐकायचं यंत्र असणार आणि शाळेत काय बोलतात ते तिकडे कळणार. आमच्या शाळेत काय बोलतात हे हैदराबादला कळून काय उपयोग, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, तेच तर शोधून काढा.

परवानगीसाठी अकोल्याला अर्ज गेला. तीन महिन्यांनी उलट पत्र आलं. त्यात विचारलं होतं की सदर घंटा सध्याच्या घंटेइतकी मोठ्यानं वाजते काय, पावसाळ्यात वाजते काय, रविवारी वाजल्यास जबाबदार कोण, आणि शेवटी, सदर यंत्रामुळे किती शिपाई अतिरिक्त ठरतील. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं इंद्रभान सरांनी स्वतः लिहिली. चौथं त्यांनी माझ्याकडे सरकवलं, कारण यंत्र माझं. मी लिहिलं, 'एक'. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. प्रश्न आकड्याचा होता, मी आकडा दिला. त्या उत्तरानंतर जानरावला कायम करायचा प्रस्ताव 'यंत्राचा निर्णय होईपर्यंत' थांबवण्यात आला आणि ही बातमी शाळेत सगळ्यांना, म्हणजे जानरावलाही, त्याच दिवशी कळली. यंत्र चाललं की त्याची नोकरी जाणार होती. तो मला काही बोलला नाही. मला अर्थातच संशय आला.

अखेर परवानगी आली आणि एप्रिलमध्ये देवमन एका ट्रंकेत कार्ड, पेटी आणि चिप भरायचं यंत्र घेऊन उतरला. चिप माझ्याच घरी भरायची ठरली, कारण शाळेत जानराव होता. भरायची रीत अशी की शाळेच्या प्रत्येक मिनिटाला एक आकडा. शून्य म्हणजे गप्प राहा, एक म्हणजे वाजव. साडेदहा ते पाच अशी तीनशे नव्वद मिनिटं, म्हणजे तीनशे नव्वद आकडे. मी कागदावरून मोठ्यानं वाचायचं आणि देवमननं बटणं खालीवर करायची. मध्ये वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी वीज तीनदा गेली. दुपारपासून मी शून्य, शून्य, शून्य, एक, शून्य, शून्य असं ओरडत होतो आणि आम्हा जैनांकडे दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं असतं, त्यामुळे कंचनबाई दर पाच मिनिटांनी दारात येऊन किती शून्यं उरली ते विचारत होती.

भिंतीपलीकडे नथमलजी. त्यांनी चार तास आकडे ऐकले आणि त्यांची खात्री पटली की शिखरचंद मास्तरांच्या घरी मटक्याचा अड्डा सुरू झाला आहे. त्यांनी ही गोष्ट विश्वासानं एकाच माणसाला सांगितली, पण तो माणूस चौकातला पानवाला होता. संध्याकाळी हवालदार आला. त्यानं ट्रंक उघडायला लावली, कार्ड हातात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि विचारलं की ओपन कोणता आणि क्लोज कोणता. मी पदवीधर शिक्षक असल्याचं सांगितलं. तो म्हणाला की मागच्या महिन्यात पकडला तोही पदवीधर होता. शेवटी देवमननं पेटी जोडून घंटा वाजवून दाखवली तेव्हा तो गेला, पण आकड्यांचा कागद पुरावा म्हणून घेऊन गेला. सबंध गल्ली दारात उभी राहून हे पाहत होती. त्यानंतरचे कित्येक दिवस मला बाजारात लोक गुपचूप विचारत की मास्तर, आज काय येईल?

दुसऱ्या दिवशी शाळेत पेटी बसवली. मी कारकुनाजवळ अडकलो होतो. कार्ड कोणत्या नोंदवहीत चढवायचं यावर त्याचं घोडं अडलं होतं. त्याच्या मते जे हलतं ते यंत्र आणि जे हलत नाही ते फर्निचर. कार्ड हलत नव्हतं, म्हणून त्यानं ते बाकांच्या खाली नोंदवलं. तिथून मी व्हरांड्यात पाहिलं तर देवमन शिडीवर, शिडी धरून जानराव, आणि दोघांचं हळू आवाजात काहीतरी चाललेलं. देवमन कार्डाकडे बोट दाखवून समजावत होता आणि जानराव मान डोलवत होता. ज्याची नोकरी हे यंत्र खाणार, त्यालाच यंत्राची आतली माहिती. मी वहीत वेळ नोंदवून ठेवली. त्याच संध्याकाळच्या गाडीनं देवमन हैदराबादला गेला.

उद्घाटन एक मेला, झेंडावंदनानंतर. यंत्राची पूजा करायची इंद्रभान सरांची हौस. पेटी पूजेपुरती खाली टेबलावर उतरवून, झाकण उघडं ठेवून कार्डाला हळदकुंकू लावलं, हार घातला. जानराव हात मागे बांधून खांबाजवळ उभा होता. सरांनी नारळ पेटीच्या कडेवरच आपटला. नारळ एका फटक्यात फुटला आणि अर्धं पाणी पेटीत गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कार्ड उपसून काढलं तेव्हा ते ओलंचिंब होतं आणि त्यावर कुंकवाचे ओघळ होते. यंत्र आता शाळा उघडल्यावर सुरू करू, असं ठरलं, आणि ते कोरडं करून आणायची जबाबदारी माझ्यावर पडली.

घरी आल्यावर पाहतो तर चिपवर देवमननं चिकटवलेली काळी पट्टी पाण्यानं एका कोपऱ्यात सुटली होती. आता कोणाच्याही मनात येईल की पट्टी कशाला? बाकीच्या कोणत्याच भागावर पट्टी नाही, आणि नेमकी हिच्यावर आहे. फुकट आलेल्या मालावर चिकटवलेली चिठ्ठी. माझा हात आपोआप गेला. पट्टी काढली तर खाली काचेची इवली खिडकी निघाली आणि तिच्यातून आत काहीतरी चंदेरी चमकत होतं. म्हणजे माल होता, फसवणूक नव्हती. देवमनवर संशय घेतल्याची मला जरा लाजच वाटली. मग मी ती खिडकी कंचनबाईला दाखवली, नथमलजींना दाखवली आणि सांगितलं की हे जे चमकतंय तेच आपलं वेळापत्रक. नथमलजींनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं की मधली सुटी कुठं आहे.

त्या दिवसांत आमच्या गच्चीवर वाळवण चाललेलं. बाजेवर लुगडं पसरून त्यावर मुगाचे पापड, सरगुंडे, कुरड्या. कंचनबाई म्हणाली की माह्या पापडाजवळ ठेवा, दोन दिसांत खडखडीत होईन. मी म्हणालो की सरकारी परवानगी आलेली वस्तू आहे, दोन दिवस नाही, आठ दिवस वाळवू. मेचं ऊन, पाऱ्याचं काही विचारू नका. कार्ड बाजेच्या मधोमध, काचेची खिडकी वर, म्हणजे आतलंही वाळेल. आणि पहारा? पहारा मी स्वतः दिला. कावळे होते, वानेर होते, पण मला त्यांची भीती नव्हती.

भीती होती ती जानरावची, आणि ती खरी ठरली. पहिल्याच दिवशी अकरा वाजता जानराव जिन्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. सर, एक गोष्ट सांगाची होती, म्हणाला. मी वरूनच म्हणालो की सांग. त्यानं वरच्या पायरीवर पाय ठेवला, म्हणाला, थे कार्ड जरा पाहू द्या मंग सांगतो. कार्ड पाहू द्या! मी उठून जिन्याच्या मध्ये उभा राहिलो आणि सांगितलं की काम असेल तर शाळा उघडल्यावर भेट, आणि पुन्हा हा जिना चढायचा नाही. त्यानं बाजेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, बरं म्हणाला आणि उतरून गेला.

पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. जिन्यापाशी नाही, समोरच्या निंबाखाली. उभा राहिला, वर पाहिलं, गेला. तिसऱ्या दिवशीही तेच. मी छत्री उघडून, ओला पंचा डोक्यावर टाकून, मांडीवर वही घेऊन बाजेशेजारी बसून राहिलो. रोज नोंद केली. कंचनबाईनं खालून हाका मारल्या, नाकातून रक्त येईल म्हणून कांदा खिशात ठेवा असं नथमलजी सांगून गेले. आमच्या घरात कांदा येत नाही आणि नथमलजींच्याही घरात यायला नको होता, हे मी मनात ठेवलं. चौथ्या दिवशी मला चक्कर आली तेव्हा मी बाजेला टेकून बसलो, पण डोळे मिटले नाहीत. आठ दिवस माझी नजर त्या कार्डावरून हलली नाही. त्याला कोणी हात लावला नाही, हे मी तेव्हाही शपथेवर सांगितलं असतं आणि आजही सांगेन.

आठ दिवसांनी ते मी पेटीत परत बसवलं, आणि जूनच्या शेवटी शाळा उघडली. संस्थेचे अध्यक्ष खास आले होते. सगळी शाळा मैदानात, गावातली माणसं कुंपणापाशी. साडेदहाला अध्यक्षांनी बटण दाबलं आणि घंटा वाजली. टाळ्या झाल्या. घंटा वाजतच राहिली. टाळ्या थांबल्या तरी वाजत होती, प्रार्थना सुरू करून सोडून दिली तरी वाजत होती. पाच मिनिटांनी पाचवीच्या पोरांनी शाळा सुटल्याचं ठरवलं आणि दप्तरं उचलली. त्यांच्यामागे सहावी आणि सातवी. त्या दिवसांत आकाशातून एक अमेरिकन प्रयोगशाळा पडणार अशा बातम्या रोज पेपरात होत्या, तेव्हा बाजारात काहींनी घंटा ऐकून दुकानांच्या फळ्या लावल्या आणि देवाचं नाव घेतलं. अध्यक्ष मला काहीतरी विचारत होते, पण घंटेमुळे ऐकू येत नव्हतं आणि मला ऐकायचंही नव्हतं. शेवटी जानराव शांतपणे चालत गेला, शिडी लावली आणि फ्यूज काढला.

हाच तो क्षण. नेमका फ्यूज त्याला कसा माहीत? शाळेची किल्ली सुटीभर कोणाकडे होती? नोकरी कोणाची जाणार होती? हे प्रश्न मी विचारले, आणि मोठ्यानं विचारले, कारण सबंध गाव माझ्याकडे बघत होतं आणि मला ते सगळं दुसरीकडे वळवायचं होतं. आज ते कबूल करताना लाज वाटते. अध्यक्षांनी तिथल्या तिथं सांगितलं की चौकशी होईल आणि शाबीत झालं तर जानरावला कायम करणं राहिलं बाजूला, त्याच दिवशी घरी पाठवू. मुख्य साक्षीदार मी. जानराव शिडी घडी करून घेऊन गेला.

चौकशी सोमवारी होती. मी देवमनला तार केली आणि तो रविवारी सकाळच्या गाडीनं आला. त्यानं कार्ड आपल्या यंत्राला लावलं. यंत्रावरचे सगळे दिवे एकदम लागले आणि लागलेलेच राहिले. तो म्हणाला की आत एकही शून्य उरलं नाही, चिप कोरी आहे, कोऱ्या चिपमध्ये नुसते एक असतात. मी विजयानं कंचनबाईकडे पाहिलं आणि म्हणालो, पुसली. जानरावनं पुसली.

देवमन चिपकडे पाहत होता. काळी पट्टी कुठं गेली, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं की ती मीच काढली, खाली फसवणूक आहे का पाहायला. मग त्यानं विचारलं की हे उन्हात होतं का. मी अभिमानानं सांगितलं की आठ दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा.

"अन् छत्री नोती का सर तुमच्या घरी?"

"होती की."

"कुठं होती?"

"माझ्या डोक्यावर."

देवमन खाली बसला. मग त्यानं समजावून सांगितलं, आणि मी त्याचा शिक्षक असून विद्यार्थ्यासारखं ऐकलं. ती काचेची खिडकी पुसण्यासाठीच असते. कारखान्यात एका खास दिव्याखाली धरली की अर्ध्या तासात चिप कोरी होते. त्या दिव्यात जे किरण असतात तेच उन्हात असतात, फक्त कमी, म्हणून उन्हाला आठवडा लागतो. आमच्याकडचं मेचं ऊन असलं तर त्याहूनही कमी वेळ. पट्टी लावतात ती एवढ्यासाठीच. जांभळ्यापलीकडच्या, म्हणजे अतिनील, किरणांचा हा धडा मी नववीला अकरा वर्षं शिकवत आलो होतो.

मी म्हणालो की अरे, मग सांगून जायचं ना. देवमन म्हणाला की सांगून गेलो होतो, पट्टीले हात लावू देऊ नोका अन् ऊन दाखवू नोका, असं जानरावभाऊले सांगतलं. तुमी तवा कारकुनाजवळ होते.

हे ऐकल्यावर माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे जानरावला माहीत होतं! माहीत असून त्यानं सांगितलं नाही. म्हणजे दोष त्याचाच, आणि उद्या चौकशीत एवढं म्हटलं की माझं नाव कुठं येत नाही. हे मी बोलूनही दाखवलं. कंचनबाई पापडाचा डबा भरत होती, तिनं हात थांबवला.

"तो पहिल्याच दिवशी आला होता," ती म्हणाली. "सांगाचं आहे म्हणे, असं म्हणत होता. तुमीच पायरीवरून हाकलला त्याले. मी खाली होती, मी आयकलं. उद्या तुमी सांगता का मी येऊ शाळेत?"

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. अकरा वर्षं शिकवलेला धडा, हे एक, आणि त्या माणसाचा चेहरा, हे दुसरं. दुसरं जास्त टोचत होतं. सोमवारी इंद्रभान सरांच्या खोलीत अध्यक्ष, सर, मी आणि दाराजवळ उभा जानराव. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पट्टी मी काढली, ऊन मी दाखवलं, पहारा मी दिला, जानरावचा यात काही संबंध नाही. बोलून झाल्यावर मला वाटलं की आता खोलीत शांतता पसरेल आणि दोघं माझ्याकडे आदरानं पाहतील.

दोघांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. उन्हानं लिहिलेलं पुसत असतं तर बाजारातल्या एकूण एक पाट्या कोऱ्या झाल्या असत्या, असं अध्यक्ष म्हणाले. मी किरण समजावून सांगू लागलो तर इंद्रभान सर म्हणाले की शिखरचंदजी, चार दिवसांपूर्वी तुम्ही त्याला चोर म्हणत होता, आज वाचवताय, तर मधल्या काळात त्यानं तुमचं काय पाहिलंय? हवालदाराची गोष्ट त्यांच्या कानावर होतीच. मी पुन्हा सांगू लागलो. जितकं जास्त सांगितलं तितकं ते खोटं वाटू लागलं, मलासुद्धा. शेवटी मी खिशातून वही काढून टेबलावर ठेवली. अध्यक्षांनी ती उघडून मोठ्यानं वाचली. दोन मे, मी गच्चीवर, कार्ड उन्हात, जानराव जिन्यावर, हाकलला. तीन मे, मी गच्चीवर, कार्ड उन्हात, जानराव निंबाखाली. चार मे, तेच. असं नऊ मेपर्यंत. वाचताना त्यांची मान हळूहळू हलू लागली, आणि मग ते जानरावकडे वळून म्हणाले की खरं काय ते तू सांग.

म्हणजे माझा कबुलीजबाब खरा की खोटा, हे आता जानराव ठरवणार होता. तो म्हणाला, "सर म्हणतात थे खरं आहे. ऊन दाखवाचं नाई, हे देवमनभाऊनं मले सांगतलं होतं. मी सराले सांगाले गेलो होतो. सरानं वर चढू देलं नाई." एवढंच. ना आवाज चढवला, ना माझ्याकडे पाहिलं. त्यांनी त्याचं लगेच खरं मानलं. मी विज्ञानाचा पदवीधर, अर्धा तास बोलत होतो.

यंत्र कपाटात गेलं. अकोल्याला पत्र गेलं की घंटा सध्या आहे तशीच राहील आणि अतिरिक्त शिपायांची संख्या शून्य. थांबवलेला प्रस्ताव इंद्रभान सरांनी त्याच बैठकीत बाहेर काढला, अध्यक्षांनी त्यावर सही केली आणि जानराव कायम झाला. सही वाळेपर्यंत तो कागदाकडे पाहत उभा होता.

बाहेर व्हरांड्यात मी त्याला गाठलं. माफी मागायची मला सवय नाही, पण मागितली. चुकलो म्हणालो, तू भल्यासाठी आला होतास आणि मी तुला पायरीवरून घालवलं. तो म्हणाला की जाऊ द्या सर. तो कागद घडी करून खिशात ठेवत होता, आणि त्याच्या बोटांना घाई नव्हती. मग मला राहवेना. मी विचारलं की पहिल्या दिवशी तू सांगायला आलास हे समजलं, पण पुढचे सात दिवस रोज निंबाखाली कशाला येत होतास?

जानरावनं पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"पहिल्या दिवशी तुमच्यासाठी आलो होतो, सर," तो म्हणाला. "बाकीचे सात दिवस माह्यासाठी."

तो घंटेकडे गेला. म्हणजे माझा संशय अगदीच खोटा नव्हता. यंत्र मरावं असं त्याला वाटत होतं, आणि ते मरताना तो रोज येऊन पाहून जात होता. फक्त त्याला हात लावायची गरज पडली नाही, ते काम मी छत्री घेऊन करत होतो. परत खोलीत जाऊन हे सांगता आलं असतं. पण मला ते सांगावंसं वाटलं नाही, आणि अध्यक्षांची सही तोवर वाळली होती.